पिल्लाचे शिक्षण : काठीने की शाबासकीने?

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ज्याच्यासाठी कष्ट घेण्याची आपली तयारी नसते, त्याच्या माथी ही म्हण मारून आपण मोकळे होतो. म्हण वापरली जाते माणसाला उद्देशून, परंतु तिच्यात बदनामी होते ती कुत्र्याची. वास्तविक शेपूट वाकडे असणे हा काही दुर्गुण नव्हे, आणि नळी हे काही शिक्षणाचे साधन नव्हे. जो प्राणी हजारो वर्षे माणसाच्या उंबरठ्याशी बसून माणसाचा चेहरा वाचायला शिकला, तो शिकतच नाही असे म्हणणे म्हणजे शिकवणाऱ्याने आपले अपयश विद्यार्थ्याच्या पदरात टाकणे होय.

कामगार संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत कुत्र्याच्या पिल्लावर बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. परंतु शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत ज्याला रोज पायपीट करावी लागते, त्याला हा विषय परका राहात नाही. आसनगावकडची गोदामे असोत, मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतील कारखाने असोत, मुंबईकरांच्या फार्महाऊसची कुंपणे असोत, की डोंगराच्या कडेला वसलेला ठाकरांचा किंवा कातकऱ्यांचा पाडा असो. दारात एखादे पिल्लू असतेच. भातकापणी आटोपली, दिवाळी झाली, की वीटभट्टीकडे निघालेल्या बिऱ्हाडाबरोबर भांड्यांच्या बोचक्यावर बसून तेही भट्टीवर जाते.

पिल्लू आणताना मोठ्या कौतुकाने आणलेले असते. पोरे त्याला उराशी घेऊन झोपतात. थोड्याच दिवसांत ते चपला कुरतडू लागते, घरात मुतून ठेवते, पोरांच्या पोटऱ्यांना दात लावते; आणि मग काठी निघते. सहा-आठ महिन्यांत त्याचा भेदरलेला, गुरगुरणारा कुत्रा होतो. पुढे तो कोणाला तरी चावतो, आणि एका रात्री पोत्यात घालून त्याला महामार्गापलीकडे किंवा घाटात सोडून देण्यात येते. ज्याला तो चावला ते पुष्कळदा लहान मूल असते, आणि इंजेक्शनांच्या खेपा घालताना आईबापांची मजुरी बुडते ती वेगळीच. या साखळीची पहिली कडी कोठे पडते, हे पाहण्यासाठी हा लेख आहे. आमच्या मते ती पिल्लाच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत पडते, आणि ती पिल्लू नव्हे, माणूस पाडतो.

मारातून पिल्लू काय शिकते?

मारातून पिल्लू काहीच शिकत नाही असे आमचे म्हणणे नाही. ते पुष्कळ शिकते. प्रश्न एवढाच, की आपल्याला जे शिकवायचे असते तेच ते शिकते काय?

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. पिल्लाने घरात ओले केले. घरधन्याला ते अर्ध्या तासाने दिसले. त्याने पिल्लाची मान धरली, नाक त्या ओलीत घासले आणि दोन चापट्या दिल्या. घरधन्याच्या मते धडा असा: ‘घरात मुतायचे नाही.’ पिल्लाच्या मते धडा निराळा. अर्ध्या तासापूर्वीची गोष्ट आणि आत्ताची चापट यांचा सांधा त्याच्या डोक्यात जुळत नाही. त्याला इतकेच कळते, की हा माणूस जवळ असला म्हणजे मार बसतो. म्हणून उद्या ते अंगणात धन्यासमोर मुतणार नाही. कणगीच्या मागे, कोणी पाहात नाही तेथे मुतेल. धनी म्हणतो, लबाड झाले. लबाड झाले नाही, ते शिकले.

पुष्कळ लोक म्हणतात, ‘पण त्याला आपली चूक कळते, पाहा कसे कान पाडून बसले आहे!’ अमेरिकेतील संशोधिका अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 साली हेच तपासून पाहिले. कुत्र्याने मना केलेला खाऊ खाल्ला आहे की नाही, याविषयी त्यांनी मालकांना कधी खरे तर कधी खोटे सांगितले. निष्कर्ष असा निघाला, की कुत्र्याचा तो ‘अपराधी’ चेहरा त्याच्या अपराधावर अवलंबून नव्हता. तो मालकाच्या रागावण्यावर अवलंबून होता. काहीही न केलेला कुत्रासुद्धा रागावल्याबरोबर तसाच चेहरा करी. म्हणजे पडलेले कान हे पश्चात्तापाचे चिन्ह नसून भीतीचे आहे.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. पिल्लू भाकरी खात असताना मूल जवळ गेले आणि ते गुरगुरले, तर आपण काय करतो? एक टोला हाणतो. गुरगुरणे ही कुत्र्याची सूचना आहे: ‘मला भीती वाटते, थोडे दूर राहा.’ टोल्याने सूचना बंद होते, भीती बंद होत नाही. आमच्या चळवळीतील माणसाला हे चटकन उमजावे. संपापूर्वी कामगार नोटीस देतात. नोटीस देणाऱ्यालाच फाटकाबाहेर काढले, तर तक्रार मिटत नाही; पुढचा संप नोटिशीवाचून होतो. ‘काही न कळवता एकदम चावला’ असे ज्या कुत्र्याविषयी सांगतात, त्याची नोटीस पूर्वी कोणीतरी फाडून टाकलेली असते, असे निदान आम्ही तरी समजतो.

2009 सालीच पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील पशुवैद्यांनी, वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या कुत्र्यांच्या मालकांना विचारून एक पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांनी कुत्र्याला मारण्याचा किंवा लाथ घालण्याचा उपाय केला होता, त्यांपैकी 43 टक्के लोकांना उलट कुत्र्याच्या अंगावर येण्याचा अनुभव आला होता. पोर्तुगालमधील पोर्तो येथे 92 कुत्र्यांवर झालेले संशोधन 2020 साली प्रसिद्ध झाले. धाकाने शिकवणाऱ्या शाळांतील कुत्र्यांत ताणाची लक्षणे अधिक आढळली आणि शिकवणीनंतर त्यांच्या लाळेतील ताणाचे द्रव्यही अधिक वाढलेले दिसले. बक्षिसाने शिकणाऱ्या कुत्र्यांत तसे दिसले नाही.

मुकादमाचा सिद्धांत

काठीच्या बाजूने एक शास्त्रीय वाटणारा युक्तिवाद केला जातो. कुत्रा हा लांडग्याचा वंशज. लांडग्यांच्या कळपात एक दांडगा नायक असतो आणि तो इतरांना दडपून ठेवतो. म्हणून घरधन्यानेही पिल्लाला उताणे पाडून ‘मालक कोण’ ते दाखवून द्यावे, असा हा युक्तिवाद. याचे मूळ रुडॉल्फ शेंकेल यांच्या 1947 सालच्या निबंधात आहे. त्यांनी पाहिलेले लांडगे स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेले होते. पुढे अमेरिकेतील डेव्हिड मेक यांनीही आपल्या 1970 सालच्या ग्रंथात हीच कल्पना मांडली. परंतु मेक यांनी नंतर कॅनडाच्या अतिउत्तरेकडील मोकळ्या रानात अनेक उन्हाळे लांडग्यांमागे घालवले, आणि 1999 साली त्यांनी स्पष्ट लिहिले, की रानातला कळप म्हणजे बहुधा एक कुटुंब असते: आई, बाप आणि त्यांची पोरे. तेथे नायकपदासाठी रोजची मारामारी नसते. आईबाप पुढे चालतात आणि पिल्ले मागून शिकतात.

कोंडलेल्या जागेत, अपुऱ्या जागेसाठी, एकमेकांशी नाते नसलेल्या जिवांना डांबले की मारामारी होणारच. ती पाहून ‘यांचा स्वभावच असा, यांना मुकादम लागतोच’ असा सिद्धांत काढणे फार सोपे असते. असे सिद्धांत आम्ही कारखान्यांच्या कचेऱ्यांतूनही ऐकले आहेत.

बक्षिसाचे शास्त्र

आता दुसरी बाजू. 1898 साली अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक यांनी मांजरांना पेटीत ठेवून प्रयोग केले. खिट्टी सरकली की दार उघडे आणि बाहेर खाणे मिळे. मांजर प्रथम ओरबाडे, धडपडे. चुकून खिट्टी सरके. प्रत्येक वेळी त्याची फुकटची धडपड कमी होत जाई. यावरून त्यांनी नियम मांडला, की ज्या कृतीचा शेवट समाधानात होतो, ती कृती प्राणी पुन्हा करतो. पुढे बी. एफ. स्किनर यांनी 1938 सालच्या आपल्या ग्रंथात या नियमाची बारीक मोजमापे मांडली. त्यांचे शिष्य केलर आणि मरियन ब्रेलंड या दांपत्याने हे ज्ञान प्रयोगशाळेबाहेर आणून अनेक जातींचे प्राणी मार न देता शिकवून दाखवले.

यांतील एक युक्ती घरोघरी उपयोगी पडण्यासारखी आहे. कृती आणि बक्षीस यांत अंतर पडले तर पिल्लाला कळत नाही, की बक्षीस कशाबद्दल मिळाले. पण प्रत्येक वेळी तुकडा क्षणार्धात तोंडात देता येतोच असे नाही. म्हणून ठरावीक आवाज करावा आणि त्यामागून तुकडा द्यावा. थोड्याच वेळात त्या आवाजालाच तुकड्याचे मोल येते. इवान पावलोव यांच्या कुत्र्यांना जेवणापूर्वीच्या खुणेनेच लाळ सुटे, तोच हा प्रकार. परदेशात यासाठी टिकटिक वाजणारी डबी मिळते. आपल्याला ती विकत घेण्याचे कारण नाही. बैलाला जिभेने आवाज करून गोंजारणारा शेतकरी हेच करीत आला आहे. त्या क्रियेला आपल्या भाषेत ‘चुचकारणे’ असा स्वतंत्र शब्दच आहे. कुत्र्याच्या वाट्याला मात्र तो शब्द क्वचित येतो. त्याच्या वाट्याला येतो तो ‘हाड्’.

पिल्लू घरी आणल्यावर

पिल्लाचे डोळे जन्मानंतर सुमारे दोन आठवड्यांनी उघडतात. आपल्याकडे डोळे उघडले रे उघडले की ते उचलून आणण्याची घाई असते. ती करू नये. आठ आठवडे तरी ते आईजवळ आणि भावंडांत राहावे. भावंडाला जोरात चावले की ते किंचाळते आणि खेळ मोडतो. दाताचा जोर किती लावावा याचा पहिला धडा पिल्लाला तेथे मिळतो.

जे. पी. स्कॉट आणि जॉन फुलर या अमेरिकन संशोधकांनी अनेक वर्षे पिल्ले वाढवून 1965 साली दाखवून दिले, की तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या आयुष्यात निर्णायक असतो. या काळात जे ओळखीचे झाले ते जन्मभर आपले वाटते. जे दिसलेच नाही त्याची पुढे भीती वाटते. म्हणून या दिवसांत पिल्लाला हलक्या हाताने जग दाखवावे: मोटारसायकल, कुकरची शिटी, पत्र्यावरचा पाऊस, टोपीवाला माणूस, काठी टेकीत चालणारी म्हातारी, शाळेची पोरे. प्रत्येक नव्या वस्तूबरोबर एक तुकडा द्यावा. पिल्लू मागे सरले तर ओढू नये, आपणच दूर व्हावे. सर्व लसी होईपर्यंत त्याला कडेवर घेऊन दाखवावे. अनोळखी कुत्र्यांत सोडू नये, कारण पार्व्होसारख्या रोगाने या वयाची पिल्ले पटापट दगावतात.

बक्षिसाचा तुकडा हरभऱ्याच्या डाळीएवढा पुरे. तांदळाच्या भाकरीचा कण, उकडलेल्या अंड्याचा कण, हाड काढलेल्या कोंबडीचा शिजवलेला धागा. घरात असेल ते चालते. तो रोजच्या जेवणातूनच काढावा, म्हणजे खर्च वाढत नाही. कांदा, द्राक्षे, बेदाणे आणि चॉकलेट मात्र कधीही देऊ नये. ती कुत्र्याला विषासमान आहेत. शिकवणी दोन-तीन मिनिटांची, दिवसातून चार-पाच वेळा असावी.

पहिला धडा नावाचा. नाव एकदाच घ्यावे. पिल्लाने मान वळवली की ‘शाब्बास’ म्हणून तुकडा द्यावा. दहा वेळा हाका मारल्या तर ते नवव्या हाकेपर्यंत थांबायला शिकते. नाव घेऊन कधीही रागावू नये.

दुसरा धडा घाणीचा. झोपेतून उठल्यावर, जेवल्यावर आणि खेळून झाल्यावर पिल्लाला मुतायला लागते, हे घड्याळासारखे ठरलेले आहे. त्या तिन्ही वेळी, आणि एरवीही तासा-दोन तासांनी, त्याला अंगणातील एकाच ठिकाणी न्यावे आणि गप्प उभे राहावे. काम झाल्याबरोबर तेथेच शाब्बासकी द्यावी. घरात परतल्यावर नव्हे. घरात ओले झालेच तर मुकाट्याने पुसावे. तो आपल्या वेळापत्रकातील दोष समजावा.

तिसरा धडा दातांचा. खेळताना दात लागला की हात झटकू नये. झटकलेला हात त्याला उंदरासारखा वाटतो. हात ढिला सोडावा, खेळ थांबवावा, उठून उभे राहावे. अर्ध्या मिनिटाने पुन्हा खेळावे. चावण्यासाठी गाठ मारलेले ओले फडके द्यावे आणि त्याला दात लावला की चुचकारावे. घरातील सगळ्यांनी एकच नियम पाळावा. बाप रागावतो आणि पोरगा पायजम्याची नाडी ओढायला देतो, तेथे पिल्लाला दोष देता येत नाही.

चौथा धडा बसण्याचा. चिमटीतील तुकडा नाकासमोर धरून हळूच डोक्यावरून मागे न्यावा. नाक वर जाते आणि बूड आपोआप टेकते. टेकल्या क्षणी ‘शाब्बास’ आणि तुकडा. कंबर दाबून बसवण्याची गरज नाही. पाच-सहा वेळा जमले की मग ‘बस’ हा शब्द जोडावा. बसायला शिकलेले पिल्लू पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारीत नाही, कारण एकाच वेळी बसणे आणि उडी मारणे त्याला शक्य नसते. नको असलेल्या कृतीला मार देण्यापेक्षा तिच्या जागी हवी असलेली कृती बसवणे, हे या पद्धतीचे मर्म होय.

पाचवा धडा हाकेला येण्याचा. आणि शहापूर-मुरबाडात तो जीव वाचवणारा आहे. मुंबई-नाशिक महामार्ग आणि कल्याणहून माळशेजकडे जाणारा रस्ता, दोन्हीकडे वाहने थांबत नाहीत. पिल्लू हाकेला आले की त्याला जगातील सर्वांत चांगला तुकडा मिळावा. उशिरा आले तरी रागावू नये. रागावलो तर त्याच्या हिशेबी येण्याबद्दलच रागावलो. हाक मारून साखळीला अडकवणे हेही टाळावे. दहा वेळा हाक मारून नऊ वेळा परत मोकळे सोडावे.

साखळीविषयी आणखी एक शब्द. दिवसभर बांधून ठेवल्याने कुत्रा ‘कडक’ होतो अशी समजूत आहे, आणि फार्महाऊसच्या राखणदाराला तशी आज्ञाही असते. बांधलेला कुत्रा कडक होत नाही, घाबरट होतो. पळता येत नाही म्हणून तो चावतो. शिवाय या पट्ट्यात बिबट्या आहे. सह्याद्रीच्या पलीकडील अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या भक्ष्याच्या एकूण वजनापैकी 39 टक्के वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला. रात्री उघड्यावर साखळीने बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्यापुढे वाढलेले ताट. त्याला रात्री पडवीत किंवा आडोशाला बंद ठेवावे. चाहूल लागली की तो तेथूनही भुंकतोच.

तुकडा ही लाच आहे काय?

‘मग जन्मभर खिशात भाकरी घेऊन हिंडायचे काय?’ असा प्रश्न विचारला जातो. नाही. धडा पक्का होईपर्यंत प्रत्येक वेळी बक्षीस, नंतर दोनात एकदा, नंतर केव्हातरी, पण शाब्बासकीचा शब्द नेहमी. स्किनर यांना असे आढळले, की केव्हा मिळेल ते ठाऊक नसलेल्या बक्षिसासाठी प्राणी सर्वांत चिवटपणे काम करीत राहतो. मटक्याच्या आकड्यापायी ज्यांनी पगार घालवलेले पाहिले आहेत, त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको. ही शक्ती दुधारी आहे. जेवताना पिल्लाने केविलवाणे पाहिले म्हणून एकदा, केवळ एकदा, ताटातला घास टाकला, की ते पुढे महिनोन्महिने ताटाशी बसेल. तेथे कोणीही, केव्हाही टाकू नये, हाच उपाय.

लाच आधी दाखवतात आणि मग काम करून घेतात. बक्षीस काम झाल्यावर मिळते. बसवताना चिमटीत दिसणारा तुकडा पहिल्या काही वेळांपुरताच असावा. नंतर हात रिकामा असावा आणि तुकडा खिशातून निघावा, म्हणजे पिल्लू तुकड्याकडे न पाहता माणसाकडे पाहू लागते.

‘हे विलायती कुत्र्याला ठीक, गावठीला काय कळणार?’ असेही म्हणतात. कोलकात्याजवळील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत अनिंदिता भद्र यांचा गट रस्त्यावरच्या कुत्र्यांचाच अभ्यास करतो. त्यांनी 2017 साली असे प्रसिद्ध केले, की अनोळखी माणूस पुन्हा पुन्हा येऊन नुसते खाणे देण्यापेक्षा अंगावरून हात फिरवू लागला, तर या कुत्र्यांचा त्याच्यावर विश्वास अधिक बसतो. आपला गावठी कुत्रा तुकड्याचा भुकेला आहेच, पण त्याहून अधिक तो माणसाच्या हाताचा भुकेला आहे.

आणि धाकावाचून खडतर काम होत नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी झंजीरची आठवण करावी. मार्च 1993 च्या स्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातील या लॅब्रेडॉर कुत्र्याने 3,329 किलो आरडीएक्स शोधून देण्यात वाटा उचलला. 2000 साली तो वारला तेव्हा पोलिसांनी त्याला सन्मानाने निरोप दिला. वासाचे काम मारून करून घेता येत नाही, याचे कारण अगदी साधे आहे: स्फोटक कोठे आहे हे काठीवाल्यालाच ठाऊक नसते. शोधणाऱ्या कुत्र्याला वास सापडणे आणि आवडता चेंडू किंवा घास मिळणे यांची सांगड घालूनच तयार करतात. जेथे मालकाला उत्तर माहीत नाही आणि चाकराला आहे, तेथे काठी निरुपयोगी ठरते.

तुलना कोणाची?

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आम्ही कामगाराची कुत्र्याशी तुलना करीत नाही. मजुरी हा चांगल्या वागणुकीबद्दल टाकलेला तुकडा नव्हे. ती घामाची किंमत आहे आणि ती हक्काची आहे. तिला बक्षीस म्हणणाऱ्याशी आमचे जन्माचे भांडण आहे. तुलना करायचीच तर ती काठी धरणाऱ्या हाताची करावी. कारण पाठ कोणाचीही असो, काठीचा युक्तिवाद एकच असतो.

जुन्या ठाणे जिल्ह्याच्या ज्या भागाचा 2014 साली पालघर जिल्हा झाला, तेथे लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी माणसे जमीनदाराच्या दारात वर्षानुवर्षे राबत. त्यांना ‘लग्नगडी’ म्हणत. 1945 साली किसान सभेच्या शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली उभे राहिले आणि वेठीचा कणा मोडला. वेठबिगारी नष्ट करणारा देशव्यापी कायदा 1976 साली झाला. धाक गेला तर शेते ओस पडतील, ही भीती खोटी ठरली. शेते पिकतच राहिली. थांबली ती फुकटची राबवणूक. ज्या मातीने हा धडा इतक्या मोलाने घेतला, तेथल्या घरात निदान एका पिल्लावर तरी काठी उचलली जाऊ नये, असे आम्हांस वाटते.

याला आणखी एक कारण आहे. घरात पिल्लाला कोण, कसे वागवतो, ते मूल पाहात असते. संत नामदेवांची कथा आपण मुलांना सांगतो: कुत्र्याने पोळी पळवली, आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. कथा सांगणारा हातच संध्याकाळी पिल्लाला चपलेने मारू लागला, तर मुलाने यांतले खरे कोणते समजावे?

शेवटी व्यवहाराच्या दोन गोष्टी. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन रेबीजची लस टोचून घ्यावी आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी ती चालू ठेवावी. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस बहुधा वाचत नाही. आणि माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी जवळजवळ सगळा कुत्र्यापासून येतो. म्हणून कोणाला कुत्रा चावला, अगदी घरचा आणि लहानसा ओरखडा असला तरी, जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, तिच्यावर चुना, हळद, मिरची काही लावू नये, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. सुया सांगितल्या तितक्या सगळ्या घ्याव्यात. मजुरी बुडते म्हणून एकही चुकवू नये.

आणि मुलांना दोन नियम शिकवावेत: कुत्रा जेवत किंवा झोपलेला असताना त्याला हात लावायचा नाही, आणि पिल्लाने काही चांगले केले तर ते सांगायला विसरायचे नाही. दुसरा नियम मोठ्यांनाही लागू आहे. पिल्लू दिवसातून शंभर वेळा गुणाने वागते, तेव्हा आपले लक्ष नसते. एकदा चुकते, तेव्हा आपण घरभर ओरडतो. उद्या सकाळी ते दारात नुसते शांत बसलेले दिसले, तर जाता जाता एक तुकडा त्याच्यापुढे ठेवावा आणि ‘शाब्बास’ म्हणावे. शिकवणीची सुरुवात तेवढ्यानेही होते.